काळ्या कापडातली ती मुलं: मसाई मुलगा ‘मोरान’ कसा होतो

रानजाई

गेल्या आठवड्यात इथे केनिया-टांझानियाच्या सहलीचा एक छान धागा आला. त्यात न्गोरोंगोरोच्या वाटेवरचा एक फोटो आहे. काळी कापडं पांघरलेली, चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाची नक्षी काढलेली तीन-चार मुलं, आणि खाली ओळ: ‘पर्यटकांसाठी नटलेले मसाई’. (मसाई म्हणजे तिथला गुरं राखणारा समाज.) धागाकर्त्यांना दोष देत नाही. गाडीचा ड्रायव्हर जे सांगतो तेच आपण लिहितो. पण ती ओळ वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी सात वर्षं नैरोबीत एका शाळेत शिकवत होते. तिथली माझी एक सहशिक्षिका केनियातल्याच काजियाडोकडची मसाई. सुट्टीत तिच्या माहेरी तीन-चार वेळा राहून आले. इथे लिहितेय त्यातलं बरंचसं तिच्या वडिलांनी संध्याकाळी गुरं आत आल्यावर अंगणात बसून सांगितलेलं आहे, बाकीचं मी नंतर वाचून ताडून घेतलं.

त्या मुलांची नुकतीच सुंता झालेली असते. काळं कापड म्हणजे जखम अजून भरतेय. तो आता पोरगा राहिला नाही आणि अजून मोरानही झाला नाही. (मोरान म्हणजे तरुण योद्धा, मूळ मसाईंच्या मा भाषेत ‘ओलमुर्रानी’.) ही अवस्था काही महिने चालते. या दिवसांत मुलं बोथट टोकाचे बाण घेऊन रानात लहान पक्षी टिपत फिरतात आणि त्या पक्ष्यांच्या कातड्यांचा मुकुट करून डोक्यावर बांधतात. म्हणजे जन्मातल्या सगळ्यात नाजूक काळात आपण त्यांच्यासमोर गाडी थांबवतो.

पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. मसाई समाजात कुणी एकटा मोठा होत नाही, अख्खा वयोगट मोठा होतो. साधारण पंधरा वर्षांच्या काळात ज्यांची सुंता झाली ते सगळे मिळून एक गट. त्यातही आधीचे ते ‘उजव्या हाताचे’, नंतरचे ‘डाव्या हाताचे’, आणि पुढे वय झाल्यावर दोघे मिळून एकाच नावाखाली येतात. ते नाव मरेपर्यंत राहतं. मैत्रिणीच्या वडिलांनी पहिल्या भेटीत मला स्वतःच्या नावाआधी गटाचं नाव सांगितलं होतं.

नवा गट सुरू करायचा तर आधी ‘एन्किपाता’. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांचा जथा ज्येष्ठांच्या सोबतीने आपल्या विभागात चार-चार महिने गावोगाव फिरतो आणि सांगतो, की आता आमची पाळी आली. मग तीस-चाळीस घरांची वस्ती खास उभी करतात. आदल्या रात्री मुलं रानात झोपतात, पहाटे हल्ला केल्यासारखी धावत वस्तीत शिरतात आणि दिवसभर नाचतात. तिथेच त्यांच्यातला एक मुखिया निवडला जातो. हा मान कुणालाच नको असतो, कारण गटातल्या सगळ्यांची पापं त्याच्या डोक्यावर येतात अशी समजूत आहे. म्हणजे मुलाला सगळ्यात आधी शिकवतात ते हेच, की पुढारी म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणारा.

मग ‘एमुराता’, म्हणजे सुंता. त्याआधी मुलाने सलग सात दिवस गुरं राखायची. आठव्या दिवशी पहाटे त्याला उघड्यावर उभा करून गार पाण्याने आंघोळ घालतात. त्या पाण्यात रात्रभर कुऱ्हाडीचं पातं ठेवलेलं असतं, पाणी आणखी गार व्हावं म्हणून. मुलगा चालत निघाला की दोन्ही बाजूंनी भाऊ, मामा, मित्र ओरडत असतात. धीर देतात आणि धमक्याही देतात: सुरीला लाथ मारलीस तर याद राख! कापताना पापणी लवली, खांदा हलला तरी घराण्याची लाज जाते. न हलणाऱ्याला गाई मिळतात. कापणारा पूर्वी बहुतेक वेळा डोरोबो समाजातला असे, म्हणजे रानात शिकार आणि मधावर जगणाऱ्यांपैकी.

मैत्रिणीच्या वडिलांना मी विचारलं, फार दुखलं का? ते म्हणाले, सुरीचं आठवत नाही, पाणी आठवतं.

---

कोकणकडा

उत्तम लिहिलंयस ताई. एक शंका. आम्हाला मसाई मारा अभयारण्यात गाईडने सांगितलं की सिंह मारल्याशिवाय मसाई मुलगा पुरुष होत नाही. ते खरं की पर्यटकांना सांगायची गोष्ट?

---

रानजाई

दादा, अर्धं खरं. मोरान भाल्याने सिंहाची शिकार करत आणि पहिला भाला लावणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होई, हे खरंच आहे. पण मुलगा पुरुष होतो तो वर लिहिलेल्या विधींनी. सिंह मारणं ही मोरान झाल्यावरची मर्दुमकी, दाखला नव्हे.

आणि केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे. बंदीने सगळं थांबलं असं नाही, विशेषतः सिंहाने गाय मारली की चिडून होणाऱ्या हत्या होतच राहिल्या. त्यावर केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाकडे २०१२ साली एक वेगळी वाट निघाली, मसाई ऑलिंपिक्स. भालाफेक, रुंगू म्हणजे गाठीचा सोटा नेमका फेकणं, धावणं आणि उंच उडी. तीच उभ्याने मारलेली उडी, जी आपण नाचात बघतो. सिंहाऐवजी पदक जिंका, असा सरळ मुद्दा. ८०० मीटरमध्ये लंडन आणि रिओ दोन्ही ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारा डेव्हिड रुडिशा या स्पर्धेशी जोडला गेला. तो स्वतः मसाई आहे, त्यामुळे पोरांना त्याचं म्हणणं पटतं.

---

गोदाकाठ

मोरान झाल्यावर ही मुलं नेमकं काय करतात? मन्याट्टात राहतात ना? आम्हाला एक ‘मन्याट्टा’ दाखवला होता, पण तिथे बायका मणी विकत बसल्या होत्या.

---

रानजाई

काकू, तुम्हाला दाखवली ती साधी वस्ती, तिला ‘एन्कांग’ म्हणतात. ‘एमन्याट्टा’ म्हणजे मोरानांचा तळ. पर्यटनात हा शब्द कुठल्याही मसाई घराला चिकटला आहे. खऱ्या तळावर घरं बांधायला मोरानांच्या आया जातात आणि तिथे त्यांच्याबरोबर राहतातही.

मोरानाचे नियम ऐकले तेव्हा मला वाटलं, सुंतेपेक्षा हेच कठीण. मोरानाने एकट्याने दूध प्यायचं नाही. घरी आई दूध काढून वाट बघत असली, पोटात आग पडली असली, तरी बरोबरीचा कुणी मिळेपर्यंत लाकडी गडव्याला तोंड लावायचं नाही. आणि लग्न झालेल्या बाईच्या नजरेस पडलेलं मांस खायचं नाही. म्हणून बैल कापायचा तर गावापासून दूर रानात, ‘ओलपुल’ला. तिथे चार-चार दिवस, कधी त्याहून जास्त राहायचं, मांस भाजायचं, साली-मुळ्या घालून कढण उकळायचं आणि सगळ्यांनी मिळून संपवायचं.

त्या सालींमध्ये एक नेहमीची असते, ‘ओलकिलोरिती’. मैत्रिणीच्या भावाने मला झाड दाखवलं आणि मी हसायलाच लागले. ती आपली बाभूळ! पिवळे गोंडे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, तेच काटे. दुसरी कुठली जात नाही, हीच, आफ्रिकेपासून आपल्या दख्खनपर्यंत वाढणारी. आम्ही लहानपणी तिच्या काडीने दात घासायचो, हे सांगितल्यावर त्याने लगेच एक फांदी मोडून हातात दिली.

एकट्याने न खाण्याच्या नियमामागचं कारण वडिलांनी एका वाक्यात सांगितलं: दुष्काळात जो एकटा जेवतो, तो हल्ल्यात एकटा पळतो. गुरांसाठी पाणी-चारा शोधत शंभर मैल जाणाऱ्या माणसांना हे पोरवयातच अंगात मुरवावं लागतं.

---

पाऊलखुणा

रानजाई, वाचता वाचता मुंज आठवली. मातृभोजन, आईच्या ताटात शेवटचं जेवण, मग डोकं भादरणं. तिकडेही डोकं भादरतात ना? कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं की मोरानांचे केस लांब असतात.

---

रानजाई

हो, तिथपर्यंत यायचंच होतं. ओळखीचं वाटलं तरी क्रम उलटा आहे, एवढं लक्षात घे. आपल्याकडे आईपासून दूर जाताना डोकं भादरतात. तिथे मोरान वर्षानुवर्षं केस वाढवतो, बारीक वेण्या घालतो, त्यांना गेरू आणि चरबी लावून लाल करतो, आणि शेवटी आईच ते उतरवते.

हा विधी म्हणजे ‘युनोतो’. मोरान झाल्यावर साधारण दहा वर्षांनी. त्यासाठीच्या वस्तीत घरं मोजून एकोणपन्नास, आणि मधोमध एक मोठी झोपडी, ‘ओसिंकिरा’. गटाचे प्रमुख निवडले जातात. त्यातल्या एकावर, ‘ओलोतुनो’वर, पुन्हा सगळ्या गटाच्या बऱ्यावाईटाचा भार. विधीत एक जनावराचं शिंग जाळात टाकतात. कुणीतरी ते पूर्ण जळायच्या आत बाहेर काढायचं. काढेल त्याला जन्मभर दुर्दैव, आणि कुणीच काढलं नाही तर सगळ्या गटाला शाप. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या पंचविशीच्या पोरांच्या मनात काय होत असेल! भाला पेलणारे, रात्री सिंहाच्या वाटेवर गुरं राखलेले पुरुष या दिवसांत थरथर कापतात, काहीजण तोंडाला फेस येऊन पडतात. त्याला कुणी हसत नाही. इतर मोरान त्याला घट्ट धरून बसतात.

मग पहाटे आया ओळीने बसतात. दूध-पाणी लावून वस्तरा फिरतो आणि लाल वेण्या कातड्यावर पडतात. मैत्रिणीची आई सांगताना तळहात असा उपडा करून स्वतःच्या मांडीवरून फिरवत होती, जणू अजून तिथे मुलाचं डोकं आहे. मुलगा रडला का, विचारलं. ती म्हणाली, सगळेच रडतात.

केस गेले म्हणजे लग्न करायला मोकळा. पण ज्याच्यासाठी तो जगत होता ती ऐट गेली.

---

शल्यक

माहितीपूर्ण धागा. माझ्या क्षेत्रातला म्हणून एक अप्रिय प्रश्न विचारतो. इथपर्यंत सगळं मुलांबद्दल झालं. मसाई मुलींच्या बाबतीत वयात येण्याचा विधी काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तेही इथे यावं. नाहीतर चित्र अर्धंच राहील.

---

रानजाई

डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. मी ते टाळत नव्हते, नीट लिहायचं म्हणून थांबले होते.

मुलींचाही विधी होता आणि त्यालाही ‘एमुराता’च म्हणत. पण एक शब्द असला तरी गोष्ट एक नाही. मुलाची सुंता आणि मुलीच्या जननांगाचा भाग कापणं यांची तुलना होऊच शकत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे बाळंतपणात जिवाला धोका, आणि जन्मभराची वेदना. मुलाला त्यानंतर दहा-पंधरा वर्षांचं मोकळं तारुण्य मिळायचं. मुलीला लगेच लग्न. बारा-तेरा वर्षांची पोर, शाळा संपली, नवरा बापाच्या वयाचा. विधी एकाच नावाचे, पण मुलगा त्यातून समाजात यायचा आणि मुलगी दुसऱ्याच्या गोठ्यात जायची. हे माझे शब्द नाहीत, माझ्या मैत्रिणीचे आहेत. ती स्वतः यातून गेली आहे. तिच्या दोघी मुली गेल्या नाहीत.

टांझानियात १९९८ पासून अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी हा गुन्हा आहे. केनियात २००१ मध्ये बालकांसाठी बंदी आली आणि २०११ मध्ये सर्वच वयाच्या स्त्रियांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं होतं, ते २०२१ मध्ये फेटाळलं. केनियाच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १९९८ साली ३८ टक्के होतं, २०१४ मध्ये २१, २०२२ मध्ये १५. पण हा झाला देशाचा आकडा. मसाई भागात तो अजूनही कितीतरी जास्त आहे. कायद्याच्या धाकाने काही घरांत ते लपूनछपून, अधिक लहान वयात होऊ लागलं, हीही त्याची दुसरी बाजू.

ज्यांनी आतून बदल घडवला त्यांच्याबद्दल मला जास्त आस्था आहे. नाइस लेंगेटे ही किमाना गावची मुलगी. आठेक वर्षांची असताना विधीच्या पहाटे पळून जाऊन झाडावर लपली. पुढे मोठी होऊन ती परत त्याच ज्येष्ठांसमोर गेली. आधी तिच्याशी कुणी बोलेना, बाईने पुरुषांच्या बैठकीत बोलायचं नसतं. मग ती मोरानांशी बोलू लागली, त्यांच्यामार्फत ज्येष्ठांपर्यंत पोचली. शेवटी त्यांनी तिच्या हाती ज्येष्ठांची काळी काठी दिली. २०१८ मध्ये टाइम मासिकाने तिला जगातल्या प्रभावी शंभर व्यक्तींत घेतलं, पण मला विचाराल तर मोठी गोष्ट ती काठीच.

या भागांत आता कापण्याऐवजी पर्यायी विधी होतो. मुली काही दिवस एकत्र राहतात, शरीराबद्दल, हक्कांबद्दल शिकतात, मग गाणी, आशीर्वाद, मणी, दूध सगळं असतं. फक्त पातं नसतं. अशा पर्यायी विधीची सुरुवात केनियात १९९६ साली मेरूकडच्या भागात झाली, तेव्हा त्याला ‘शब्दांनी सुंता’ अशा अर्थाचं नाव होतं.

---

शल्यक

धन्यवाद. ‘फक्त पातं नसतं’ हे महत्त्वाचं. आम्ही डॉक्टर नेहमी प्रथा बंद करा म्हणतो. मुलीला ‘आता तू मोठी झालीस’ असं गावाने म्हणण्याची गरज उरतेच, हे आमच्या लक्षात येत नाही.

---

ॲथी_रिव्हर

बारा वर्षं नैरोबीजवळ राहतोय, कारखान्यात काम. रानजाई, तुमचा धागा मंडळातल्या लोकांना पाठवला. आत्ताचं थोडं मी सांगतो.

आमच्या कारखान्यात सात-आठ मसाई तरुण आहेत. एकाचा धाकटा भाऊ डिसेंबरच्या सुट्टीत सुंतेला बसला. शाळा जानेवारीत सुरू होते, म्हणजे जखम भरायला जेमतेम सुट्टी. काळं कापड चार महिने घालणार कधी? गणवेश घालावा लागतो. कापायला दवाखान्यातला प्रशिक्षित माणूस बोलावला होता, प्रत्येकाला नवं पातं. पण पहाटेची आंघोळ झाली, गार पाणी झालं, मामांनी शिव्या दिल्या, पोरगा हलला नाही. भाऊ फोनवर व्हिडिओ दाखवताना कापण्याचा भाग पुढे ढकलून थेट गाय दिल्याचा क्षण दाखवत होता.

मोरानपणही आकसलं आहे. दहा वर्षं रानात कोण राहणार? कुणी कॉलेजात, कुणी मोंबासाला हॉटेलवर पहारेकरी. जमिनीचे तुकडे पडून कुंपणं झाली, चार महिने गावोगाव फिरायचं म्हटलं तरी वाट अडते. लागोपाठच्या दुष्काळात गुरं मेली. युनोतोला बैल लागतात, ते आणणार कुठून?

---

कोकणकडा

मग हे सगळं संपणार का?

---

रानजाई

ॲथी_रिव्हर, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. युनेस्कोने २०१८ मध्ये एन्किपाता, युनोतो आणि ओलंगेशेर हे तीन विधी तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतले, ते याच कारणाने. नावं नीट बघा. त्या तिन्हींत सुंता नाही. पहिला विधी गट जमवण्याचा, दुसरा मोरानपण उतरवण्याचा, तिसरा ज्येष्ठ होण्याचा. मला हे फार बोलकं वाटतं. जपायचं काय, तर माणसांना माणसांशी बांधणं.

कोकणकडादादा, संपेल असं मला वाटत नाही. इंग्रजांनी मोरानांचे तळ मोडायचा प्रयत्न केला होता. १९०४ च्या कराराने रिफ्ट व्हॅलीतली कुरणं काढून घेतली, १९११ च्या कराराने लायकिपिया पठारावरचीही, आणि लोकांना गुरांसकट दक्षिणेला हाकललं. त्यातूनही गट भरतच राहिले. आता मात्र पैसा, शाळा आणि कुंपण तिन्ही एकदम आलं आहे. त्यामुळे विधी छोटे होतील, सुट्टीत बसतील. मला काळजी आहे ती अग्निकाठीच्या ज्येष्ठांची. नव्या गटाला सांभाळायची जबाबदारी लगतच्या वरच्या गटाची नसते, तो एक गट सोडून त्याच्या वरच्या गटाची असते. ते काठीवर काठी घासून विस्तव पाडतात आणि त्या विस्तवाने मुलांशी जोडले जातात. मोरान चुकला तर त्याला तेच बोलावून जाब विचारतात. ते ज्येष्ठच शहरात भाड्याच्या खोलीत गेले, तर पोराला रागवणार कोण?

---

सहलवेडा

ज्या धाग्यावरून हे सुरू झालं तो माझा. फोटोखालची ओळ बदलली आहे. एक सांगतो, त्या मुलांनी फोटोचे पैसे मागितले होते, म्हणून मला तसं वाटलं. हे तर खरं ना?

---

रानजाई

सहलवेडा, ओळ बदललीत, मनापासून आभार. पैसे मागतात हे खरं आहे आणि काही ठिकाणी विधी न झालेली मुलंही रंग लावून रस्त्यावर उभी राहतात, हेही खरं. ते वाईट वाटतं. पण त्यांच्या कुरणांतून आपल्या गाड्या जातात आणि प्रवेशाच्या पैशातलं त्यांच्या घरी फारसं पोचत नाही, हेही त्याच रस्त्यावर उभं राहून दिसतं.

---

पाऊलखुणा

ओलंगेशेरबद्दल सांगायचं राहिलं. ज्येष्ठ कसा होतो?

---

रानजाई

तो माझा सगळ्यात आवडता. मोरान झाल्यावर कैक वर्षांनी अख्खा गट पुन्हा जमतो. उजव्या हाताचे, डाव्या हाताचे आता एक होतात. मांस खाल्लं जातं. बायकांसमोर, सगळ्यांच्या देखत. तो जुना निर्बंध सुटतो. प्रत्येकाला एक लाकडी बैठक मिळते, आपल्या पाटापेक्षा थोडी उंच. सकाळी तो तिच्यावर बसतो आणि त्याची बायको त्याचं डोकं भादरते. एकाहून जास्त बायका असतील तर थोरली. युनोतोला आईने भादरलं होतं, आता बायकोने. तिथून पुढे तो स्वतःच्या घराचा कर्ता.

ती बैठक मोडेपर्यंत त्याची. तो आधी गेला तर थोरल्या मुलाकडे जाते.

मैत्रिणीच्या वडिलांची बैठक दाराशी असायची. बसून बसून मधोमध खोलगट झालेली, कडा तुपाचा हात लागल्यासारखी चकचकीत. पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं. उन्हातून आले, पाय दुखत होते, रिकामी दिसली म्हणून बसायला गेले. मैत्रिणीने काही न बोलता दंडाला धरून मला शेजारच्या कातड्यावर बसवलं. तिची आई आतून चहा घेऊन आली, तिने ते पाहिलं, आणि चहा ठेवून आधी पदराने ती बैठक पुसली.